गेरूचा गोल

हिवतापाच्या फवारणीच्या पथकात मी लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात त्या आमच्या भागात पावसाळा सरत आला की घरटी एकजण तरी थंडीतापानं गोधडीखाली कुडकुडत पडलेला असायचा. सरकारनं डीडीटी पाठवली, पंप पाठवले आणि माझ्यासारखी मॅट्रिकपर्यंत पोचलेली पोरं लिखापढीला घेतली.

काम सोपं होतं. गावात शिरायचं, घरातलं सामान अंगणात काढायला लावायचं, आतल्या भिंतींवर फवारा मारायचा. तो वाळला की भिंतीवर पांढुरकी भुकटी दिसायची. मग मी दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर गेरूनं खूण करायची. फवारलेल्या घराला गोल, काही कारणानं राहिलेल्या घराला फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, फवारणी करायची आणि फुली पुसून तिथं गोल काढायचा. पंप मारणारे चौघेजण दिवसभर घामानं निथळायचे, आणि मी कागद आणि गेरूची डबी घेऊन त्यांच्या मागून चालायचो. तरी पथकाचा मालक मीच आहे असं मला वाटायचं.

त्या चौघांत एक काका होते. पन्नाशीचे, मितभाषी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण एकदा गेलेलं घर ते विसरत नसत. मला ते 'बाबू' म्हणायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही पोहरादेवीच्या बाजूला होतो. तिथून दीड-दोन कोसांवर बंजाऱ्यांचा एक तांडा होता, तीसेक घरांचा. दोन दिवसांत आम्ही तो जवळजवळ उरकला. शेवटच्या टोकाच्या घराच्या दारात एक बाई उभी होती. वय झालेलं, पण ताठ. हातभर बांगड्या. तांड्यात आईला 'याडी' म्हणतात आणि तिला सगळा तांडाच याडी म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणालो, "याडी, सामान बाहेर काढा."

"आज नाई," ती म्हणाली. तिची वऱ्हाडी थोडी तिच्या बोलीकडे झुकलेली होती. "सून बाळंत झाली. पाच दिवसांचं लेकरू आहे आत. या वासात कुठं ठेवू तिले?"

"झाडाखाली बसवा दोन घंटे."

"पाच दिवसांच्या बाळंतिणीले उन्हात बसवत नसते बेटा. तुझ्या मायले विचार. आठ दिवसांनी ये. मंगळवारी. मी घर खाली करून ठेवीन."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी फुली काढली आणि म्हणालो, "येतो मंगळवारी."

"जबान?"

"जबान."

हे मी मनापासून म्हणालो, हे इथं सांगितलं पाहिजे. त्या घटकेला मी खोटा नव्हतो. तिनं आम्हा पाचही जणांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आम्ही निघालो.

शुक्रवारी निरोप आला की साहेब शनिवारी तपासणीला येणार आहेत आणि रविवारी मुक्काम हलवून कामरगावला जायचं आहे. मुक्काम हलवण्याआधी एकही फुली शिल्लक नको, असं त्यांचं सांगणं होतं. ज्या पथकाच्या टापूत फुली नाही त्याच्या लिहिणाऱ्याला कायम करण्याची शिफारस होणार, हेही कानावर आलं होतं. माझ्या टापूत एकच फुली होती.

शुक्रवारी दुपारी मी एकटा तांड्याकडे गेलो. वाटेत मी स्वतःशी ठरवत होतो की याडीला पुन्हा विनवून पाहू. खरं म्हणजे डबी खिशात घालतानाच माझं ठरलं होतं. घराशी पोचलो तर ती लाकडं आणायला रानात गेलेली. आत सून लेकराला घेऊन झोपलेली. अंगणात एक शेळी बांधलेली होती, ती माझ्याकडे बघत राहिली. मी ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि त्या जागी गोल काढला. नीट, गोलगरगरीत. तो नीट यावा म्हणून मी दोनदा हात फिरवला, हे मला आजही आठवतं.

परतल्यावर काकांनी विचारलं, "बाबू, थ्या टोकाच्या घराचं काय केलं?"

"झालं ते."

"कोणी मारला पंप? आमी तं इथंच हाओत."

"काका, तुमचं काम पंप मारायचं. लिहायचं माझं."

काका पंप धुवायला वळले. त्यांच्या निम्म्याही वयाचा नसलेला मी, आणि त्यांना असं बोललो.

शनिवारी साहेब आले, तांड्यातून एक फेरी मारली, भिंतींवरचे गोल पाहिले. आत शिरून भिंतीला बोट लावून पाहायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी माझी पाठ थोपटली. मंगळवारी सुटी काढून आपण परत जाऊ, एक पंप आणि काकांना घेऊन, असं मी तेव्हाही मनाशी म्हणत होतो. मंगळवारी कामरगावात साहेबांनी सगळ्या पथकांना बोलावलं, चार शब्द कौतुकाचे बोलले आणि शिरा दिला. मला पुढं बोलावून सगळ्यांना दाखवलं. त्या दुपारी मला याडीची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि मी शिरा पुन्हा वाढून घेतला.

मला लहानपणापासून खरं बोलणारा म्हणून ओळखत. माझं गाव शिरपूर जैनजवळ. वडील लहानसे शेतकरी, स्वभावानं कडक. एकदा माझ्या हातून सुटून आमचा गोऱ्हा शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीत शिरला. कुणी पाहिलं नव्हतं. मी आपण होऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. मला हाताला धरून शेजाऱ्याकडे नेलं आणि म्हणाले, "माह्या पोरानं स्वतःच सांगतलं." त्यानंतर कितीतरी दिवस शिरपूरच्या देवळात येणाऱ्या यात्रेकरूंनाही ते ही गोष्ट सांगत. मला वाटायचं, सत्य ही माझी सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. मी तसं बोलायचोही.

पुढं पुष्कळ विचार केल्यावर मला कळलं की त्या ज्वारीच्या वेळी मला सत्यापेक्षा वडिलांची मान उंच झालेली पाहायची होती. शाबासकी हवी होती. खरं बोललं की शाबासकी मिळते असं आमच्या घरात होतं, म्हणून मी खरं बोलत होतो. पथकात गोल काढला की शाबासकी मिळत होती, म्हणून मी गोल काढला. दोन्ही वेळेला माणूस तोच होता. मनात आपण मोठमोठ्या गोष्टी ओळीनं मांडून ठेवतो, सत्य, दया, दिलेला शब्द, आणि समजतो की आपलं वागणं त्या ओळीप्रमाणं चाललं आहे. पण खरी ओळ वेगळीच असते. ती हातानं काहीतरी करून झाल्यावरच दिसते, आणि माझी मला त्या भिंतीवर दिसली असती. मी पाहिली नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीसाठी आम्ही पुन्हा त्याच तांड्यावर गेलो. मी काकांना आणि दुसऱ्या एकाला घेऊन मुद्दाम पहिल्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे शेवटच्या घराशी पोचेपर्यंत दुपार होईल. पण याडीनंच आम्हाला दुरून पाहिलं. ती आमच्याकडे आली आणि माझा हात धरून मला घराकडे घेऊन गेली.

तिच्या घराच्या भिंती नुकत्याच सारवलेल्या होत्या. दाराजवळ वीतभर जागा मात्र तशीच सोडलेली होती, आणि त्या जागेत माझा गोल होता. शेणाच्या हातानं त्याला धक्का लागू नये म्हणून तिनं भोवतीनं बोटानं जपून सारवलं होतं. बोटांच्या खुणा दिसत होत्या.

"तुह्या हाताची खूण," ती म्हणाली. "पुसू नाई देली."

मग तिनं सांगितलं. मंगळवारी तिनं पहाटेच घर रिकामं केलं होतं. मडकी, कणगी, गोधड्या, सगळं अंगणात. बाळंतीण आणि लेकरू शेजारच्या घरी नेऊन ठेवले. दिवसभर ती सामानाजवळ बसून राहिली. रानात गेली नाही, जेवली नाही. संध्याकाळी तांड्याचा नायक तिकडून गेला. तो म्हणाला, याडी, कायले बसली, तुझ्या भिंतीवर तर गोल आहे, म्हणजे झालं तुझं.

"मी म्हटलं, मी लाकडाले गेली होती तवा येऊन गेला असन," याडी म्हणाली. "सून झोपेत होती, तिले काय मालूम. आतमधी बाकीच्यांच्या घरासारखं पांढरं नव्हतं दिसत. पण तुनं जबान देली होती. अन् खूण होती. मंग कसं म्हणू आला नाई?"

तिनं आपल्या डोळ्यांना खोटं ठरवलं आणि माझ्या शब्दाला खरं. मी दिलेला शब्द तिनं माझ्यापेक्षा जास्त जपला होता.

मी विचारलं, "सून कुठं आहे?"

"भादव्यात गेली. थंडीताप आला, मंग उतरलाच नाई. आठ दिवस." तिनं हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. झोळीत एक लेकरू झोपलं होतं, त्याच्याकडे तिनं हात केला. "शेळीच्या दुधावर हाये हे."

तांड्यात ताप दुसऱ्याही दोन-तीन घरांत आला होता. जिथं फवारा नीट मारला तिथंही. म्हणजे माझ्या एका गोलामुळंच ती पोर गेली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. हा हिशेब माझ्या डोक्यात त्याच क्षणी झाला. समोर ती बाई उभी होती आणि मी मनात स्वतःचा वकील झालो होतो.

मग तिनं मला विचारलं, "बेटा, एक सांग. बाकीच्यांची माणसं उठली. आमच्याच घराले दवा कमी पडली का? काहून?"

तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. काका माझ्या डाव्या बाजूला पंप घेऊन उभे होते, ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तुमी आतून भिंती सारवल्या का?"

"पोळ्याच्या आधी सारवल्या. नाव ठेवायचं होतं लेकराचं."

"मंग तेच झालं याडी. सारवल्यावर दवा राहत नाई. सांगतलं होतं ना सगळ्यांले, सारवू नका म्हणून."

ते सगळ्यांना सांगितलेलं होतं, हे खरंच. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून निघालं.

तिनं भिंतीला हात लावून पाहिला. मग खाली बसली. "म्हंजे मीच मारलं तिले," ती म्हणाली.

मी "असं नका म्हणू" असं काहीतरी पुटपुटलो. खोटं बोलून झाल्यावर माणूस किती लवकर दयाळू होतो. तिचा मुलगा, त्या सुनेचा नवरा, शेळीचा कासरा हातात घेऊन मागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तो कासरा टाकून निघून गेला.

काकांनी त्या घरात फवारा मारला. मी त्यांना इतका सावकाश पंप मारताना कधी पाहिलं नव्हतं. कोपरा न् कोपरा, आढ्यापर्यंत. बाहेर आल्यावर त्यांनी पंप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बाबू, मले उद्यापासून दुसऱ्या पथकात टाका."

"काहून काका?"

"मले नाई जमत आता."

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या पथकात गेले आणि नंतर माझ्याशी बोलणंच सोडलं. बाजारात भेटले तर मान हलवून पुढं जायचे. त्यांनी चारचौघांत माझा अपमान केला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या वर्षी कायम झालो. नव्यानं येणाऱ्या पोरांना काम शिकवायला साहेबांनी मला बसवलं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर एक गोल आणि एक फुली काढली आणि समजावून सांगायला लागलो. एका मुलानं विचारलं, "अन् घर राह्यलं असून कोणी गोल काढला तं?" त्यानं सहज विचारलं होतं. मी "मग त्याची नोकरी जाते" असं काहीतरी म्हणालो. मुलं हसली. मला पुढचं शिकवता आलं नाही. डोकं दुखतं म्हणून सांगून मी बाहेर आलो आणि भिंतीच्या सावलीत बराच वेळ उभा राहिलो.

त्या रविवारी मी बसनं पोहरादेवीला गेलो आणि तिथून चालत तांड्यावर. होळी होऊन गेली होती. तांड्यातली बरीच घरं बंद होती. माणसं कामाला दुसरीकडे गेलेली. याडी मात्र घरीच होती, लेकराला मांडीवर घेऊन. लेकरू आता रांगायला लागलं होतं. मुलगा अंगणात कुऱ्हाडीचा दांडा बसवत होता. दोघं एकाच अंगणात होते, पण एकमेकांकडे पाठ करून.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर धीर झाला नसता. म्हणालो, "याडी, तुमच्या घरात पहिल्या वेळी फवारा मारलाच नव्हता. मी शुक्रवारी एकटा आलो, फुली पुसली अन् गोल काढून गेलो. मंगळवारी मी आलो नाही. सारवल्यानं काही झालं नाही. सारवायच्या आधीही भिंतीवर दवा नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागलो. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मंगळवारी कुठं होता तू?"

"कामरगावले."

"काय काम होतं?"

मला खोटं सांगता आलं असतं. आजारी होतो, साहेबानं सोडलं नाही. "काही काम नव्हतं," मी म्हणालो. "साहेबांनी शिरा देला. तो खात होतो."

तिनं मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं. मग ती मुलाकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. दोन-तीनच वाक्यं. मला शब्द कळले नाहीत, पण तिचा आवाज मध्येच फाटला. मुलाच्या हातातला दांडा थांबला. तो उठून तिच्याजवळ आला आणि जमिनीवर तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दिवाळीपासून, म्हणजे मी तो शब्द तोंडातून काढल्यापासून, हा मुलगा आईशी नीट बोललाच नव्हता. बायको मेल्याचं दुःख होतंच. त्याच्या वर मी त्याला त्याची आई दोषी म्हणून दाखवून गेलो होतो. पाच महिने ते एका छपराखाली तसे राहिले.

याडीनं मला शिव्या दिल्या नाहीत. शाप दिला नाही. थोड्या वेळानं ती उठली, आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय ठेवत नाहीत. लोटा तिनं माझ्या हातात दिला नाही, माझ्यापुढं जमिनीवर ठेवला. मी प्यालो.

"आता जाय," ती म्हणाली.

मुलगा माझ्याबरोबर तांड्याच्या हद्दीपर्यंत आला. मला वाटत होतं तो मारेल, आणि मारावं असंही वाटत होतं. हद्दीवर तो थांबला. म्हणाला, "इकडं पुन्हा येऊ नको. पंप पाठव, पण तू येऊ नको."

"बरं," मी म्हणालो.

साहेबांना मी हे कधीच सांगितलं नाही. तांड्यावरून परतताना सांगायचं ठरवलं होतं, राजीनाम्याचे शब्दही जुळवले होते. पोहरादेवीला बसची वाट बघता बघता ते शब्द विरघळले. वडील म्हातारे होत चालले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, अशी कारणं एकामागून एक आली आणि सगळी खरीच होती. मी त्या नोकरीत राहिलो. त्या तांड्याच्या बाजूचं काम मी दुसऱ्याकडे सोपवलं. वडिलांना तर शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते जाईपर्यंत ज्वारीतल्या गोऱ्ह्याची गोष्ट पाहुण्यांना सांगत होते आणि मी शेजारी बसून ऐकत होतो.

पण मला जास्त लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुलगा मागं वळून तांड्याकडे गेला आणि मी पायवाटेला लागलो, तेव्हा मला हलकं वाटलं. उन्हं कलली होती, वारा सुटला होता, पळसाला फुलं होती, आणि मला भूक लागली. वाटेतल्या एका शेतात हरभऱ्याच्या गंजीपाशी एक बाई बसली होती. तिनं ओळख नसताना मला मूठभर हरभरे दिले. मी ते खात खात, चांगल्या मनानं, मोटारस्टँडपर्यंत चालत गेलो.